नारळावर ठेवलेला शब्द

लालबाग,
२० जून २०२५

चि. मयूर यास आत्याचे आशीर्वाद.

जामीन झाला म्हणून तू दीपकमामाच्या मजल्यावर पेढे वाटलेस असं कळलं. पेढे वाटण्यासारखं काही घडलेलं नाही. तू सुटलेला नाहीस. तुला फक्त बाहेर ठेवलंय, आणि तेही माझ्या सहीवर. न्यायाधीश अटी वाचत होते तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास, म्हणून मी त्या पुन्हा लिहिते. हे पत्र नीट जपून ठेव.

गिरगावात मामाकडेच राहायचं. लालबागच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. दर सोमवारी सायबर पोलिसांकडे हजेरी लावायची. मोबाईल आणि इंटरनेट वापरायचं नाही, स्वतःचंही नाही आणि दुसऱ्याचंही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साक्षीदारांशी संपर्क ठेवायचा नाही, स्वतः नाही आणि कुणाकरवीही नाही.

साक्षीदार कोण, हे तुला सांगायला नको. अख्खी चाळच आहे. दादरच्या त्या मोबाईलच्या दुकानात बसून तू आपल्याच माणसांचे अंगठे मशीनवर दोनदा घेतलेस. "पहिला ठसा नीट आला नाही काकू, परत ठेवा." एक सिम त्यांच्या हातात दिलंस आणि त्यांच्याच नावाचं दुसरं भलत्याला विकलंस. त्या सिमवरून कोणी खोट्या पोलिसांनी माटुंग्याच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना 'डिजिटल अटक' केली, आठवडाभर कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं आणि आयुष्याची पुंजी काढून घेतली. त्यातलं एक सिम आपल्या शेजारच्या शेवंतीच्या नावावर निघालं. खरे पोलीस आधी तिच्याच दारात आले. चार घरी पोळ्या लाटणारी बाई ती. त्या दिवसापासून दारावर टकटक झाली की ती आधी खिडकीतून बघते.

मला फोन करायचा नाही. मामाच्या फोनवरून तर नाहीच. मी दर आठवड्याला गिरगावात येणार नाही, कारण मी साक्षीदारांच्या गॅलरीत राहते आणि ये-जा केली तर निरोप्या ठरेन. मेघना वकीलबाईंनी तसं बजावलं आहे. म्हणून पत्र लिही. तुझं अक्षर खराब आहे, तेवढंच सुधारेल.

तुझी,
कुंदाआत्या

•

गिरगाव,
१ जुलै

आत्या, सा. न.

तुझं पत्र मामीने आधी वाचलं, मग मला दिलं. इथे हे असं आहे. मी आंघोळीला गेलो तरी मामा बाहेर उभा. त्याचा फोन तो आता लुंगीच्या गाठीत बांधून झोपतो. वडापाव घ्यायला खाली गेलो तर गाडीवाला बोलला, स्कॅन कर. मी बोललो, फोन नाही. तो असं बघायला लागला की मी परग्रहावरून आलोय.

तू शाळेत असल्यासारखं लिहितेस. मी सिम काढून दिले, बस. दुकानात टार्गेट असतं, सगळेच काढतात. त्या म्हाताऱ्याला मी बघितलं पण नाही आयुष्यात. फोन कोणी केले, पैसे कुठे गेले, मला काय माहीत? आणि अडकलो मी एकटा. ज्याने सिम घेतले तो कुठे दुबईत बसला असेल आरामात.

मामा बोलतो की सरकारने जामीन रद्द करायला अर्ज टाकलाय. खरं आहे का? आताच तर दिला ना? असा कधीपण काढून घेऊ शकतात? मला रात्रभर झोप लागत नाही. आर्थर रोडच्या बराकीत एका कुशीवर झोपायला लागतं, वळायचं असेल तर शेजारच्याला सांगून वळायचं. मी परत नाही जाणार आत्या, काही पण कर.

शेवंतीकाकू काय बोलते? कोर्टात जाणार का ती?

मयूर

•

लालबाग,
१८ जुलै

चि. मयूर यास आशीर्वाद.

शेवंती काय बोलते हा प्रश्न तू मला पुन्हा विचारायचा नाहीस. तो कागदावर आला हेच वाईट झालं. ते पत्र मी फाडलेलं नाही, कारण मी कागद फाडत नसते.

परवा सुनावणी झाली. सरकारी वकील म्हणाले, गुन्हा गंभीर आहे, देशभर अशा टोळ्या आहेत, याला बाहेर ठेवणं धोक्याचं आहे. मेघनाबाईंनी उत्तर दिलं की हे सगळं जामीन देताना कोर्टाने ऐकलं होतं, तेव्हापासून नवीन काय घडलं ते सांगा. न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला. त्यांनी जे सांगितलं ते मला नीट समजलं, म्हणून तुला समजावते. जामीन नाकारणं वेगळं आणि दिलेला काढून घेणं वेगळं. निव्वळ गुन्हा मोठा म्हणून दिलेला जामीन सहसा काढत नाहीत. मुळात देतानाच महत्त्वाचं काही नजरेआड झालं असेल, किंवा सुटल्यावर आरोपीने अट मोडली, पळाला, पुन्हा तेच धंदे केले, पुरावा नाहीसा केला, साक्षीदाराला गाठलं, तर काढतात. म्हणजे आता तुझ्या जामिनाची किल्ली सरकारच्या हातात नाही, तुझ्या हातात आहे. तुझ्या हातात काही असलं की मला काळजी वाटते.

ते माटुंग्याचे गृहस्थ आले होते, मुलीबरोबर. बाकावर माझ्या शेजारीच बसले. मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला आणि दारातल्या हवालदाराला विचारलं, "मी जरा लघवीला जाऊन येऊ का, साहेब?" हवालदार गोंधळला. मुलीने मान खाली घातली. ती मला हळूच म्हणाली, "त्या आठवड्यात कॅमेऱ्यासमोरून उठायला परवानगी घ्यावी लागायची. अजून घरीही विचारतात."

तू म्हणतोस, त्या म्हाताऱ्याला बघितलं पण नाही. मी बघितलं. तुझ्याऐवजी.

इकडे गॅलरीत मी कोणाशी बोलावं हा प्रश्नच आहे. पाणी आलं का एवढंच विचारता येतं. शेवंती माझ्या दारापुढून जाते तेव्हा आम्ही दोघीही कठड्याबाहेर बघतो. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून काढली, तिच्या बाळंतपणात मी रजा काढली होती, आणि आता तिला "जेवलीस का" विचारायची चोरी झाली आहे.

कुंदाआत्या

•

गिरगाव,
१४ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या आजोबांचं वाचून कसंतरी झालं. तू बोलतेस ते पटलं मला. मी आता रोज सकाळी लवकर उठतो, मामीला भाजी निवडून देतो. हजेरी एकपण चुकवली नाही. तिथला हवालदार पण आता "बस रे" बोलतो.

आत्या, गणपती जवळ आले. जन्मात पहिल्यांदा मी चाळीच्या गणपतीला नसणार. मखराला वायर कोण जोडणार काय माहीत, ते काम माझं होतं. माझ्यासाठी एक कर. पहिल्या दिवशी दगडूकाका गाऱ्हाणं घालतील तेव्हा माझ्या नावाने एक नारळ ठेव. घरातला माणूस गणपतीला नसला की त्याचा नारळ ठेवतात ना, तसा. बाकी काही नको. तू देवाधर्माचं फार करत नाहीस, माहीत आहे, पण एवढं कर.

अक्षर बघ, सुधारलं की नाही?

तुझा मयूर

•

लालबाग,
२९ ऑगस्ट

चि. मयूर यास आशीर्वाद.

अक्षर सुधारलं आहे. पत्र वाचून बरं वाटलं, हे लिहायला मला जड जात नाही.

नारळ ठेवला. बाबुरावांच्या दुकानातून चांगला शेंडीचा बघून आणला, हळदकुंकू लावलं आणि दगडूच्या हातात दिला. "मयूरचा," एवढंच मी म्हणाले.

पण पुढे जे झालं ते मला आवडलं नाही. दगडू दरवर्षी पावसापाण्याचं, पोराबाळांचं, गावच्या वाटेवरच्या गाड्यांचं गाऱ्हाणं घालतो. या वर्षी तुझा नारळ हातात उचलून तो म्हणाला, "बा देवा महाराजा, ह्या चाळीचा एक लेकरू कोर्टकचेरीत गावला हा. तेच्या वाटेत जो कोण आडवो येयत, चाळीतलो असो नायतर भायलो, तेची जीभ थंयच थांबव रे महाराजा. ह्या चाळीचा तोंड ह्या चाळीवर उलटाचा नाय, असो शबूद आज सगळ्यांनी तुझ्या पायाकडे ठेवलो हा."

सगळे सवयीने म्हणाले, "होय महाराजा." गाऱ्हाण्याला दुसरं काय म्हणतात? पण मग आपण काय म्हणालो ते ज्याच्या त्याच्या ध्यानात आलं.

मी दगडूला बाजूला घेऊन झापलं. तो हसला. "बाय, पोरगो आमचोच मां? देवाक सांगलंय, कोर्टाक नाय." त्याचं तुझ्यावर प्रेम आहे, त्यात त्याने हा गाढवपणा केला असं मी धरून चालले आहे. त्यात चाळीतल्या मनालीने सगळं मोबाईलवर घेऊन चाळीच्या ग्रुपवर टाकलं. मी तिला काढायला लावलं, पण तोवर किती ठिकाणी गेलं असेल देव जाणे.

मेघनाबाईंना मी हे सांगणार आहे. तू गप्प राहा.

कुंदाआत्या

•

गिरगाव,
४ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न.

आत्या, तू उगीच टेन्शन घेतेस. दगडूकाका जुना माणूस आहे, मनात आलं ते बोलला. देवापुढे बोललेल्याला कोर्ट काय करणार? आणि चाळ माझ्या बाजूने आहे हे चांगलंच आहे ना? शेवंतीकाकू आधी गप्प होती, पण मग तिने पण "होय महाराजा" बोललंच ना. म्हणजे तिच्या मनात काही नाही. मला खूप हलकं वाटतंय. काल मी बरेच दिवसांनी नीट झोपलो.

वकीलबाईंना कशाला सांगतेस? नको सांगू. विषय आपोआप थंड होईल.

विसर्जनाला माझ्याकडून एक फूल टाक.

तुझा मयूर

•

लालबाग,
२० सप्टेंबर

मयूर,

माझ्या पत्राची नक्कल मी ठेवते, ही शाळेतली सवय आहे. ती काढून पाहिली. शेवंतीचं नाव मी त्यात लिहिलेलंच नव्हतं. ती आधी गप्प होती आणि मग बोलली, हे तुला कसं कळलं?

मनालीच्या व्हिडिओत ते दिसतं. शेवंती खांबाला टेकून उभी आहे, तोंड मिटलेलं. दगडू मागे वळून तिच्याकडे बघतो. मग सगळेच बघतात. मग तिचे ओठ हलतात. तू तो व्हिडिओ पाहिलास. म्हणजे फोन तुझ्या हातात आला.

मी दगडूकडे गेले. आधी इकडचं तिकडचं बोलला. मी उभीच राहिले तेव्हा म्हणाला, "बाय, पोरान फोन केल्यान. रडा होतो. मियां काय करूचा?" मग सगळंच सांगितलं: दीपक आंघोळीला गेला असताना तू त्याचा फोन घेतलास, दगडूला गाऱ्हाण्याचे शब्द सांगितलेस, आणि नारळ माझ्या हातून ठेवून घेतलास. मला वाटलं, पोरगं देवाचं नाव घेतंय.

पोलिसांपर्यंत व्हिडिओ पोहोचला आहे. जामीन रद्द करण्याचा नवीन अर्ज आला आहे. या वेळी त्यांच्याकडे सांगायला नवीन काहीतरी आहे.

परवा शेवंती आली होती. हातात वाटी, साखर मागायला. साखर घेतली तरी उंबऱ्यातून हलेना. म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या. कोर्टात खरं सांगितलं तर देवाचा शब्द मोडतो. माझा एकुलता एक नातू आहे, त्याला काय झालं तर? नाही सांगितलं तर पोलीस म्हणतील सिम हिनेच दिलं. मी कुठे जाऊ?" तिला सांगण्यासारखं एकच वाक्य माझ्याकडे होतं आणि ते मला बोलायची परवानगी नाही. आरोपीची आत्या, जामीनदार. मी म्हणाले, "शेवंती, मला यावर बोलता येत नाही." आणि दार लावून घेतलं. दाराच्या दोन्ही बाजूंना आम्ही किती वेळ उभ्या होतो कोण जाणे. तिच्या वाटीवर बांगडी वाजत होती, ती मला ऐकू येत होती.

मेघनाबाईंचा प्रश्न साधा आहे. जामीनदार म्हणून मी प्रतिज्ञापत्र देऊ शकते का, की आरोपीने चाळीतल्या कोणाशीही संपर्क ठेवलेला नाही? खोटं असेल तर मी दाखल करणार नाही, असंही त्या म्हणाल्या. फोनचं मी अजून त्यांना काही सांगितलेलं नाही. आधी तू मला खरं काय ते लिही.

कुंदा

•

गिरगाव,
२६ सप्टेंबर

आत्या,

हो. केला फोन. एकदाच केला. मामा आंघोळीला होता, फोन पलंगावर होता, मी नंबर कधी लावला मलाच कळलं नाही. व्हिडिओ पण नंतर मामाच्याच फोनवर बघितला. बस, एवढंच.

पण मी कोणाला धमकी दिली का? काकूच्या घरी गुंड पाठवले का? लोक काय काय करतात. मी फक्त देवाला सांगायला सांगितलं. आपल्यात संकटात हेच करतात ना? गावाला बाबांनी जमिनीच्या वेळी केलं होतं, तेव्हा कोणी नाही बोललं गुन्हा आहे.

तू सही कर. तुझ्या शब्दाला वजन आहे, तू बाई आहेस शाळेची, तुझ्यावर कोणी शंका घेणार नाही. दगडूकाका फोनचं बोलणार नाही, मामा पण नाही. फक्त तू राहिलीस. आई-बाबा गेल्यावर तूच मला वाढवलंस, आता तूच परत आत पाठवणार? इथे मी खोलीत फेऱ्या मारतो, तिथे तेवढी पण जागा नसते. तुला झोप लागेल आत्या?

शेवंतीकाकूला काय फरक पडतो? ती नाही बोलली तर नाही बोलली. तिला कोण आत टाकणार आहे?

सही कर. पाया पडतो.

मयूर

•

लालबाग,
१७ नोव्हेंबर

चि. मयूर यास आशीर्वाद.

हे पत्र आता आर्थर रोडच्या पत्त्यावर लिहिते आहे. तुरुंग माझ्या गॅलरीतून चालत जाण्याइतका जवळ आहे. गिरगाव लांब होतं.

कोर्टात काय झालं ते तू पाहिलंस. मी सही केली नाही. न्यायाधीशांनी मला उभं करून विचारलं तेव्हा मी म्हणाले, "नारळ मी ठेवला. शब्द त्याचे होते." तू तेव्हा माझ्याकडे बघत होतास. मीही बघत होते, एवढं तुला दिसलं असेल तर पुरे. देवाला प्रार्थना करायला कोणाची हरकत नाही, पण साक्षीदारांना गोळा करून त्यांच्याकडून गप्प राहण्याचा शब्द घेणं म्हणजे प्रार्थना नव्हे, असं न्यायाधीश म्हणाले. मी शिकवायला असते तर याहून सोपं करून सांगू शकले नसते.

तू विचारलं होतंस, मला झोप लागेल का. लागत नाही. दीपक माझ्याशी बोलत नाही. चाळीत दगडूने सांगून ठेवलंय की पोटच्या पोरासारखा वाढवलेला मुलगा हिने स्वतःच्या तोंडाने आत घातला. दिवाळीत माझ्याकडे कोणाचं फराळाचं ताट आलं नाही. मी नेहमीप्रमाणे सगळ्यांकडे पाठवली. ती तशीच झाकलेली परत आली. शेवंतीचंही.

पण तिचं परत आलं ते रागाने नव्हे, हे मला दिसत होतं. ती अजून त्या शब्दात अडकलेली होती. तू आत गेलास म्हणून तो शब्द सुटला नव्हता. तिला समन्स आलं आहे.

म्हणून काल मंडळाच्या खोलीत गेले. विसर्जनानंतर गणपतीचा पाट तिथेच असतो, वर समुद्राची वाळू. रविवारच्या बैठकीला सगळे जमले होते. मी दगडूला म्हणाले, "तू घातलेलं गाऱ्हाणं तूच उचल." तो म्हणाला, "देवाक दिलेलो शबूद फिरूचो नाय." मी म्हणाले, "नारळ माझ्या हातचा होता. मग मीच उचलते." बाबुराव पुटपुटले की बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची आपल्यात रीत नाही. मी म्हणाले, जामीन राहायची तरी कुठे रीत होती.

पाटापुढे नारळ ठेवला. मला मालवणीतलं ते लयीत येत नाही, तुला माहीत आहे. माझ्या भाषेत म्हणाले, "बा देवा महाराजा, माझ्या घरच्या नारळावर जो शब्द ठेवला गेला तो खोटेपणाने ठेवला गेला. तो मी परत उचलते. त्याचा दोष लागायचा तो माझ्या घराला लागो, या चाळीतल्या दुसऱ्या कोणाला, कोणाच्या नातवंडाला लागू नये. ज्याने जे पाहिलं असेल तेच त्याने बोलावं."

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. दगडू भिंतीकडे बघत होता. गाऱ्हाण्याला कोणी होकार दिला नाही तर ते तसंच लोंबकळत राहतं, हे मला तेव्हा कळलं. मी नारळावरून हात काढला नाही.

मग मागून, दाराजवळून, शेवंतीचा आवाज आला. "होय महाराजा."

एकटीचाच. पुरला.

मेघनाबाई मला आज खूप बोलल्या. साक्षीदारांसमोर असं बोलायला नको होतं म्हणाल्या. त्यांचं बरोबर असेल. पुढच्या वेळी जामिनाचा अर्ज कधी करता येईल ते त्या तुला भेटून सांगतील. त्या वेळी जामीनदार म्हणून माझं नाव देऊ नकोस. माझ्या शब्दाला वजन आहे असं तू लिहिलं होतंस. ते राहिलेलं बरं.

एका कुशीवर झोपताना कानाखाली टॉवेलची घडी घे.

तुझी,
कुंदाआत्या

•

आर्थर रोड,
८ डिसेंबर

आत्या,

तुझ्यावर राग आहे. पत्र लिहायचं नव्हतं.

इथे बराकीत रात्री उठायचं असेल तर आधी वॉर्डरला विचारायला लागतं. काल मी हात वर केला आणि बोललो, "जाऊ का, साहेब?" बोलल्यावर तसाच उभा राहिलो. तो बोलला, जा ना, काय झालं?

त्या माटुंग्याच्या आजोबांचं नाव काय आहे? तू कधी लिहिलं नाहीस.

मयूर

•

लालबाग,
१५ डिसेंबर

चि. मयूर यास आशीर्वाद.

त्यांचं नाव आरोपपत्राच्या पहिल्याच पानावर आहे. ते तुला केव्हाच मिळालं आहे, तू उघडलेलं दिसत नाही.

उघड. शेवटपर्यंत वाच. मग मला पत्र लिही.

कुंदाआत्या